दंडावरचा दोरा

झुंबरबाई गेल्या आठवड्यात रिटायर झाली. दवाखान्यानं शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. सर भाषणात म्हणाले, "झुंबरबाईंनी तीस वर्षं ऑपरेशन थेटरात सेवा केली." टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या. पण मनात म्हटलं, बस, एवढंच? मी संध्या सिस्टर. त्याच थेटरात तिच्यासंगं पंचवीस वर्षं उभी राह्यले. त्या बाईचं खरं काय ते मला माहीत हाय, आणि त्यातलं निम्मं माझ्याच अंगावर येतं. तर सांगते. मधी बोलायचं न्हाई, मला मधी बोललेलं बिलकुल चालत न्हाई.

दवाखाना जालन्यातलाच, हाडांचा. नाव इचारू नका. झुंबरबाई मूळची कुंभार पिंपळगावकडची. नवरा लवकर गेला, पोरीला काखेत घेऊन जालन्यात आली आणि आमच्याकडं फरशी पुसायला लागली. कागदावर ती शेवटपर्यंत 'सफाई कामगार'च होती. पण थेटरात तिच्यावाचून पान हलत नव्हतं. का, ते ऐका.

लहान लेकरं पडली की हात टेकवतात, आणि कोपराच्या जरा वर हाड मोडतं. सुट्ट्यांत तर अशी लेकरं रोज यायची. कुणी चिंचेवरनं पडलेलं, कुणाला भावानं ओट्यावरनं ढकललेलं. हाड जागेवर बसवायचं, बाहेरनं दोन-तीन बारीक तारा घालायच्या, वर प्लास्टरची पट्टी बांधायची. बरेच डॉक्टर लेकराला उताणं निजवून हे करतात. आमचे सर पालथं निजवून करायचे. त्यांचं म्हणणं, पालथं घातलं की हात टेबलाच्या कडेवरनं खाली लोंबतो, आपल्याच वजनानं ओढला जातो आणि हाड निम्मं स्वतःच जागेवर येतं. शिवाय कोपराच्या आतल्या बाजूची नस तारेच्या वाटेत येत न्हाई. खरं होतं त्यांचं. त्यांच्या हाताला यश होतं.

सरांचं काम वीस मिनिटांचं. पण भूल दिलेलं लेकरू पालथं घालणं म्हंजे काय, ते करणाऱ्यालाच ठावं. ते ओल्या कपड्यासारखं ढिलं असतं. तोंडात नळी असते. मान जरा चुकीची वळली, नळी निसटली, की खेळ खलास. झुंबरबाई आधी चादरीच्या दोन गुंडाळ्या करायची, एक छातीखाली, एक कमरेखाली, म्हंजे पोट मोकळं राह्यलं पाहिजे, श्वास बराबर चालला पाहिजे. भूलवाले डॉक्टर डोकं धरायचे, ती खांदा आणि कंबर. "एक, दोन, चला." आवाज न होता लेकरू पालथं. मंग तोंड एका अंगाला, डोळ्यांवर पट्टी, गुडघ्याखाली कापूस, चांगला हात डोक्याशेजारी. मोडलेला दंड बाजूच्या बारक्या फळीवर टेकवायचा आणि कोपरापासनं खालचा हात अधांतरी सोडायचा. एकदा एका शिकाऊ डॉक्टरानं घाई केली तर त्याला म्हणली, "डॉक्टर, लेकराचा कान दुमडलाय. तुमचा ठेवू का दुमडून घंटाभर?" त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. सर मास्कमधनं हसले. झुंबरबाई आल्याशिवाय ते सुरूच करत नव्हते.

आता दोन हजार तेरा सालची गोष्ट. उसाचे दिवस होते. हसनाबादहून एक सहा वर्षांची पोरगी आली, राजनंदिनी नाव. उसाच्या उभ्या ट्रॉलीवरनं उडी मारली आणि कोपर मोडलं. संगं तिची आई वंदना, चोवीस-पंचवीसची असंल, आणि सासू द्वारकाबाई. बाप कल्याण बाहेर रिक्षापाशी उभा.

थेटरात जाताना नियम असतो. अंगावरचं सगळं काढायचं. बांगडी, पैंजण, काळा दोरा, ताईत, सगळं. झुंबरबाईच्या खिशात कात्रीच असायची. माझं काम कागदाचं. नाव बरोबर का, हात कुठला, उपाशी हाय का. आणि शेवटी, 'दागिने, दोरे काढले?' त्याच्यापुढं बरोबरची खूण करायची.

मी खूण केली. बघितलं न्हाई. झुंबरबाई दारात होती ना, तिनं काढलंच असंल. तिच्या हाताखालनं तोवर कधी एक मणीसुद्धा आत आला नव्हता.

दारात काय झालं ते मला झुंबरबाईनं नंतरच्या अकरा वर्षांत शंभरदा सांगितलंय. एक शब्द कमी न्हाई, एक जास्त न्हाई. पोरीच्या मोडक्या हाताच्या दंडावर काळा दोरा होता. हिनं कात्री काढली. वंदनानं तिचा हात धरला आणि तीनच वाक्यं बोलली. पहिलं, "मावशी, सासूबाईनं देवाचा बांधलाय, हात बरा होईस्तोर काढायचा न्हाई म्हणल्यात." दुसरं, "तोडला आणि काही कमी-जास्त झालं तर मला घरात घेणार न्हाईत." आणि पोरीला स्ट्रेचरवर ठेवताना तिसरं, "हळू उचला, झोपेत दचकती ती." एवढंच. चौथं वाक्य न्हाई.

आता तुम्ही म्हणाल, तोडायचा ना दोरा, त्यात काय? दुसरी कुणी असती तर कचकन तोडला असता. माझी आई देवदेव करणारी, तरी मी तोडला असता. झुंबरबाईचं वेगळं होतं. तिच्या घरात छपन्न सालापासनं गंडेदोरे बंद. तिच्या सासऱ्यानं घरातले देव नदीत सोडलेले. तिचा ह्या दोऱ्यांवर काडीचा इश्वास नव्हता, आणि म्हणूनच तिचा हात अडला. मला म्हणली, "सिस्टर, माझ्या नातवाचा असता तर दातानं तोडला असता. पण हा लोकांचा देव. मी तोडला आणि पोरीला काही झालं, तर म्हणले असते, हिच्यात देव न्हाई म्हणून हिनं तोडला. आणि ती पोर माझ्या हातापाया पडत होती." म्हणून ती वंदनाला म्हणली, "वर सरकवते. झालं की परत खाली घेते."

दोरा नेमका तिथं होता जिथं दंड फळीवर टेकतो. तिनं तो सरकवला, पार काखेपाशी. वर हिरवं कापड पडलं. पोरगी उताणी असती तर हात शेजारच्या टेबलावर उघडा पडला असता, सरांच्या न्हाईतर माझ्या नजरेत आला असता. पालथ्या लेकराच्या काखेत कोण बघतंय? आणि दंड वरच्या अंगाला जाड असतो, हे त्या घडीला तिच्या ध्यानात आलं न्हाई. सुती दोरा, औषधाच्या पाण्यानं भिजला आणि आवळला.

ऑपरेशन झकास झालं. पोरीला परत उताणं केलं. झुंबरबाई आता दोरा खाली घेणार, तेवढ्यात बाहेर गलका झाला. उसाची ट्रॉली उलटली होती, चार माणसं एकदम आली. कुणाचा पाय, कुणाची कंबर. मी दारातनं वरडले, "झुंबरबाई, जल्दी! सोड ते!" मीच वरडले. ती पळत आली. पोरगी वॉर्डात गेली, अंगात लांब बाह्यांचा झगा, हात झोळीत.

रात्रभर पोरगी रडली. वॉर्डातल्यांना वाटलं, तारा घातल्यात, दुखणारच. सकाळी सर राउंडला गेले, मी मागं. बोटं काळी-निळी, फुगलेली. सर एक बोट जरा सरळ करायला गेले तर लेकरानं अशी किंकाळी फोडली की त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी झग्याची बाही वर केली. दोरा मांसात रुतून दिसेनासा झाला होता.

"कुणी बांधला हा?" सर गरजले.

आणि मी, बघा, मी काय बोलले. माझ्या डोळ्यापुढं माझी ती खूण आली. कागदावर तर दोरे काढले होते. मी म्हणले, "सर, पोरगी आत आली तेव्हा नव्हता. आईनंच रात्री बांधला असंल."

सगळ्यांनी वंदनाकडं बघितलं. मी वाट बघत होते, ती म्हणंल की मी न्हाई बांधला. ती म्हणली, "दोरा माझाच हाय, डॉक्टर." बस. सगळ्यांनी तो कबुलीजबाबच धरला.

सरांनी दोरा कापला, पोरीला परत थेटरात नेलं, सूज उतरायला हात उभा चिरून मोकळा केला. हात राह्यला. पण आतलं मांस मेलं होतं. बोटं आकसली ती आकसलीच. मी फायलीत लिहिलं, 'ऑपरेशननंतर नातेवाइकाने दंडावर दोरा बांधल्याचे आढळले.' खाली माझी सही.

त्या दुपारी कपड्याच्या खोलीत झुंबरबाई माझ्यापुढं येऊन उभी राह्यली. पांढरीफटक. म्हणली, "सिस्टर, दोरा मी ठेवला होता." आणि तिथंच तिनं मला ती तीन वाक्यं पहिल्यांदा सांगितली. मी दार लावलं. म्हणले, "गप्प. एक अक्षर काढायचं न्हाई. तुझी नोकरी जाईल, माझी खूण हाय, माझी पण जाईल. सरांना कोर्टात उभं करतील." ती म्हणली, "पण तिच्या आईवर आलंय." मी म्हणले, "आईला कोण काय करतंय? आई हाय ती." असं म्हणले मी. लाज वाटती आता, पण म्हणले.

आईला काय केलं ते त्याच संध्याकाळी जिन्यावर ऐकलं आम्ही. द्वारकाबाई पदर खोचून वरडत होती, "मी देवाचा दोरा सैल बांधला व्हता! हिनंच आवळला! लेकीचा हात खाल्ला हिनं!" वंदना भिंतीशी बसली होती. झुंबरबाई माझ्या मागं होती. मी तिचा हात घट्ट धरून तिला पुढं जाऊ दिलं न्हाई. पंधरा दिवसांनी ती माणसं हसनाबादला गेली.

तिथनं झुंबरबाईला ते लागलं. भूत म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. ती पहिल्यासारखीच कामावर यायची, लेकरं पालथी घालायची. पण एकदा पोट मोकळं हाय का बघताना थांबली आणि मला हळूच म्हणली, "सिस्टर, ह्याचं तोंड बघा." पोरगा होता, बदनापूरचा. मी म्हणले, काय झालं? म्हणली, "तिचं तोंड मी डावीकडं फिरवलं होतं. आता ज्याचं फिरवते त्याचं तेच तोंड होतंय." मी रागावले. काय करणार? घाबरले की मी रागावते, माझा स्वभावच तसा.

एकदा ऑपरेशन ऐन रंगात आलेलं आणि तिनं कापडाखाली हात घातला, काखेत चाचपायला. सरांनी तिला त्याच पावली बाहेर काढलं, धुलाईत पाठवलं. चौथ्या दिवशी परत बोलावलं, कारण दुसऱ्या बाईनं लेकरू फिरवताना नळी निसटता निसटता राह्यली. सरांना ती का असं करती ते कधी कळलं न्हाई. ड्यूटी संपली की ती वॉर्डात लेकरांच्या खाटेशी बसायची, बोटांची नखं दाबून बघायची, परत लाल होतात का. लोक म्हणायचे, काय माया हाय हो बाईची! मला मात्र तिथं उभं राहवत नव्हतं.

आणि ती फळी. दंड टेकवायची बारकी फळी, रिकाम्या टेबलाला तशीच जोडलेली राहायची. झुंबरबाई म्हणायची, तिच्यावरनं हात लोंबतो. बारका, बोटं उघडी, अजून न सुजलेली. "मी बघते तेव्हा हाताचं अजून काही बिघडलेलं नसतं, सिस्टर. मला वाटतं आता दोरा खाली सरकवला तर वाचंल. जवळ गेले की नसतो." मी तिला म्हणले, डोळे तपासून घे. पण खरं सांगते, त्या दिवसानंतर मी कधी त्या थेटरात एकटी थांबले न्हाई. भर दुपारी सुद्धा न्हाई.

अशी अकरा वर्षं गेली. मी किती वेळा म्हणले, विसर. ती म्हणायची, "तुम्ही इसरलात का?" मी कागद चाळायला लागायचे.

गेल्या जूनात एक पोरगी आली. सतरा वर्षांची, उंच, दोन वेण्या. अपंगाचा दाखला काढायचा, कॉलेजच्या ॲडमिशनला लागतो, म्हणून जुने कागद पाहिजे होते. नाव सांगितलं, राजनंदिनी कल्याण. उजवा हात ओढणीखाली होता. बाहेर काढला तेव्हा बोटं मुठीकडं वळलेली, मनगट बारीक, हात म्हणावा का तो असा. मी फाइल काढली, झेरॉक्स दिली. ती तिथंच उभी राहून वाचायला लागली आणि एका ओळीवर थांबली.

"इथं पण लिहिलंय की," ती म्हणली. "नातेवाइकाने. म्हंजे आईच."

मी म्हणले, "आई कशी हाय?"

"गेली. दोन वर्षं झाली. कावीळ झाल्ती."

मागं धुतलेल्या चादरींचा ढीग घेऊन झुंबरबाई उभी होती. तिनं तो हात बघितला होता. ढीग खाली पडला न्हाई की काही न्हाई, तिनं तो नीट टेबलावर ठेवला आणि आत निघून गेली. पोरगी गेल्यावर बाहेर येऊन म्हणली, "मी हसनाबादला जाणार."

मी डोकं धरलं. "अगं बाई, आता सांगून काय? ज्या बाईला सांगायचं ती मेली."

"म्हणूनच. मेली तरी तिच्या नावावर हाय ते."

रविवारी ती निघाली. मी पण निघाले. तुम्हाला वाटंल, चांगुलपणानं निघाले. न्हाई. मी तिला थोपवायला निघाले होते. बसनं राजूरपर्यंत आणि तिथनं जीपमध्ये कोंबून हसनाबाद, सगळ्या वाटंनं मी तिला समजावत होते. सरांचं नाव जाईल, पेपरात येईल, तुझ्या नातवाला लोक काय म्हणतील. ती खिडकीतनं बाहेर बघत होती. शेवटी म्हणली, "सिस्टर, तुम्ही उतरा पाहिजे तर. मी सांगते की मी एकटीच होते." मी उतरले न्हाई.

घर सापडलं. कल्याण रानात गेलेला. द्वारकाबाई अंगणात खाटेवर बसून सुपात तूर निवडत होती, पार थकलेली. दवाखान्यातल्या म्हटल्यावर म्हणली, "या, या, बसा. नंदे, च्या ठेव." राजनंदिनी दारातनं बाहेर आली आणि आम्हाला बघून तिथंच थांबली.

झुंबरबाई बसलीच न्हाई. उभ्या उभ्या म्हणली, "आजी, तुम्ही दोरा सैल बांधला होता. बराबर बांधला होता. तुमची सून तो तोडू नका म्हणली. मी वर सरकवला आणि खाली घ्यायचा राह्यला. त्यानं हात गेला. वंदनानं त्याला बोटसुद्धा लावलं न्हाई."

द्वारकाबाई सुपातनं मान वर न करता म्हणली, "काहीतरीच काय. दवाखान्यात सगळ्यांपुढं ती कबूल झाली. ह्या सिस्टरनीच सांगितल्तं."

आणि मंग तिनं माझ्याकडं बघितलं. पोरीनं पण बघितलं. जीपमध्ये तयार केलेलं एक वाक्य माझ्या तोंडात होतं, की झुंबरबाईचं वय झालंय, तिला भास होतात. एवढं बोलले असते तर संपलं असतं सगळं. माझ्या जिभेवर आलं होतं ते. मी म्हणले, "खरं सांगून राह्यली ती. मी न बघता खूण केली आणि मंग खोटं लिहिलं. तुमच्या सुनेचा काही गुन्हा नव्हता."

म्हातारीचे हात चालूच होते. तूर, खडा, तूर, खडा. जरा वेळानं माझ्या ध्यानात आलं, ती खडे निवडलेल्या तुरीत टाकत होती. "मंग ती बोलली का न्हाई?" ती म्हणली. "नऊ वर्षं मी तिला... रोज... मंग ती बोलली का न्हाई?" वंदनाला वाटलं असंल, 'दोरा ठेवा असं मीच म्हणले, म्हंजे मीच केलं.' माझा आपला अंदाज. इचारायला ती कुठं होती?

राजनंदिनी अजून दारातच उभी होती. मला वाटलं, रडंल, आमच्या अंगावर येईल. मी तर म्हणत होते, ये बाई, मार. ती उंबऱ्यावर बसली आणि आमच्याकडं न बघता सांगायला लागली.

"पाचवीत असताना पोरी मला चिडवायच्या. घरी येऊन मी आईला म्हणले, माझ्या हाताला हात लावायचा न्हाई तू. तूच खाल्लास तो. तेव्हापासनं तिनं लावला न्हाई. वेणी घालायची, अंगात घालायची, पण हा हात बाजूला ठेवून. शेवटी दवाखान्यात मी उशाशी बसलेली. तिनं ह्या हाताकडं हात आणला आणि मागं घेतला. मला दिसलं. मी दिला असता तर तिनं धरला असता. मी दिला न्हाई." मंग तिनं आमच्याकडं बघितलं. "आता कुणाला देऊ?"

अकरा वर्षं आम्ही दोघी ज्याखाली वाकलो होतो ते आम्ही उचलून आणलं आणि ह्या सतरा वर्षांच्या पोरीच्या मानेवर ठेवलं. आता ती ते बाळगणार, आमच्यापेक्षा जास्त दिवस. मला वाटलं, जीपमधलं वाक्यच बोलले असते तर बरं झालं असतं. पण तसं पण नसतं झालं बरं. मला काही सुधरत नव्हतं.

पोरगी डोळे पुसून एकदम म्हणली, "मावशी, त्या दिवशी मला कसं निजवलं होतं?"

झुंबरबाई गडबडली. "पालथं."

"दाखवा."

मी म्हणले, नको बाळा. पण द्वारकाबाई सूप घेऊन खाटेवरनं उठली, बाजूला खाली बसली. राजनंदिनी खाटेवर आडवी झाली. झुंबरबाईनं वाकळ घेतली, तिची गुंडाळी केली, छातीखाली दिली. दुसरी कमरेखाली. हात आपले आपण चालायला लागले तिचे. पोट मोकळं हाय का बघितलं. तोंड डावीकडं फिरवलं, कान दुमडला न्हाई ना बघितलं, वेणी बाजूला केली. उजवा दंड खाटेच्या कडेवर टेकवला आणि खालचा हात सोडला. तो लोंबला न्हाई, अर्ध्यातच अडकल्यासारखा राह्यला. बाही वर सरकली तर काखेपाशी गोल पांढरी खूण होती. झुंबरबाईनं ती बघितली आणि खाली जमिनीवर बसली, पोरीच्या तोंडासमोर.

"आई कुठं होती?" पोरीनं इचारलं.

"दाराशी. अगदी दाराशी."

"काय म्हणली?"

"म्हणली, हळू उचला, झोपेत दचकती ती."

पोरीचे डोळे मिटलेले. त्यातनं पाणी वाकळेवर गळत होतं. ती म्हणली, "अजून?"

मला माहीत होतं, अजून काही न्हाई. दोरा आणि सासू, ते सोडलं तर वंदना एवढंच बोलली होती. झुंबरबाईनं माझ्याकडं बघितलं सुद्धा न्हाई.

"म्हणली, तिला अंधाराचं भ्या वाटतं, डोळे उघडंस्तोर दिवा बंद करू नका."

"अजून?"

"म्हणली, जागी झाली की आधी मला बोलवा. दुसऱ्या कुणाला न्हाई."

"अजून काय म्हणली?"

"म्हणली, तिचा हात धरून बसा मावशी, मला आत येऊ देत न्हाईत, तर माझ्या जागी तुम्ही धरा." आणि झुंबरबाईनं तिचा तो आकसलेला हात खालनं आपल्या तळहातावर घेतला.

पंचवीस वर्षांत ती बाई खोटं बोललेली मी ऐकलं नव्हतं. गप्प राह्यली असंल, ते पण मी लावलं म्हणून. आता ती थांबत नव्हती. आई काय म्हणली, कशी हसली, पोरीला काय काय आवडतं ते कसं सांगितलं. पोरगी इचारायची, ही सांगायची. द्वारकाबाई सूप मांडीवर घेऊन ऐकत होती आणि तोंडाला पदर लावून सुनेचं नाव घेत होती. चूक दिसली की मला गप्प बसवत न्हाई, सगळा दवाखाना जाणतो. मी गप्प बसले. राजूरची शेवटची जीप निघायची वेळ झाली, जीपवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. मी बाहेर जाऊन त्याला सांगितलं, तू जा बाबा, आम्हाला वेळ लागंल.